विमानतळावरचा पेग

विमानात चढायच्या रांगेत एक म्हातारं जोडपं उभं होतं. त्यांच्या मागे उभ्या एका शिंपीणबाईंनी कान टवकारले होते.

"माझा पेग का ओतून दिलास? विमान उडालं की माझा जीव जातो, ठाऊक आहे ना?"

"प्यायलेल्याला चढू देत नाहीत. लेक बाळंत झालीय, मला आजच नात बघायचीय."

"मग इथे दुकान कशाला थाटलंय? विकणारे हेच, वास घेऊन हाकलणारेही हेच. बंद करा म्हणावं एकदाचं."

"बंद झालं तर पहिले तुम्हीच बोंबलाल."

"बोंबलेन, पण शुद्धीत. ओतलास कुठे पण? तिथे तर मोरीही नव्हती."

"पुढे सरका."

"अगं, तुझे कान का लाल झालेत?"

"एवढी महागाची वस्तू टाकवेना. आता दारातल्या त्या पोरीशी तुम्हीच बोला, मी तोंड उघडत नाही."

पास तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "काकू गप्प का?"

"घाबरलीय बिचारी. पहिल्यांदाच उडतेय."

"मग हात धरा त्यांचा, काका."

म्हाताऱ्याने हात धरला आणि दार ओलांडताच म्हणाला, "नातीचा पहिला पापा मी घेणार. तू लांबून बघ."