वीतभर आखूड

ताई : शिडी घट्ट धर गं छबे, हलतेय.

छबी : शिडी नाही हलत, तू हलतेयस. रात्रपाळी करून आलेय मी, दवाखान्यातून तडक. मला का बोलावलंस ते तरी सांग.

ताई : आधी खालून बघ. कापडाचा काठ कुठपर्यंत आलाय?

छबी : वर सगळं झाकलंय. क्रुसावरच्या येशूचं डोकं, हात, छाती... ताई, पाय दिसतायत.

ताई : दिसतायत ना? मला वाटलं, माझेच डोळे फिरले.

छबी : चांगले वीतभर दिसतायत. आणि तू म्हणे चर्चमधल्या सगळ्या मूर्तींची मापं झोपेतून उठवलं तरी सांगशील!

ताई : माप नाही चुकलं. कापड आटलं.

छबी : न भिजवता कातरलंस? तू? शिवणाच्या वर्गात पहिल्याच दिवशी पोरींच्या डोक्यात टपली मारून सांगतेस, आधी कापड पाण्यातून काढा म्हणून!

ताई : मार टपली. आज तुझा हक्क आहे. शिवून झालं, खळीचा वास येत होता, दिलं बादलीत टाकून. वाळल्यावर घडी घातली आणि बघितलंसुद्धा नाही मेलं.

छबी : पण नवं शिवायचंच कशाला? उपवासकाळाचे दोन आठवडे उरले की क्रूस झाकायला दरवर्षी तेच जांभळं कापड काढतेस.

ताई : ते पेटीत आहे.

छबी : उंदरांनी खाल्लं?

ताई : धड आहे. सुईसुद्धा आहे त्यात टोचलेली. अर्धी दुमड झालीय, अर्धी राहिलीय.

छबी : म्हणजे त्या शनिवारची...

ताई : तशीच सुई टोचून धावले होते ना मी. फादरांनी कापड तसंच अडकवलं, तसंच परत दिलं. वर्षभर पेटीला हात लावला नाही. गेल्या आठवड्यात झाकण उघडलं आणि परत मिटलं. म्हटलं, नवं आणू.

छबी : मी दोनदा निरोप धाडला होता ताई.

ताई : माहीत आहे.

छबी : पहिल्या निरोपाला म्हणालीस, एवढी दुमड घालते नि येते.

ताई : माहीत आहे गं. त्या दुमडीतले टाकेसुद्धा पाठ आहेत मला. आई तिकडे शेवटचे श्वास घेत होती आणि मी इकडे देवाच्या कापडाचा काठ सरळ करत होते.

छबी : मला बोलायचं नव्हतं हे. चर्चमध्ये तर नाहीच.

ताई : बोल. वर्षभर आपण दोघी नुसतं ‘जेवलीस का’वर भागवतोय.

फादर : येऊ का आत, की मलाही गुंडाळताय कापडात?

ताई : फादर, चूक झालीय माझ्या हातून. पायांना कापड पुरलं नाही. थोडा वेळ द्याल? खाली पट्टी जोडते. तुकडा उरलाय.

फादर : नऊ वाजता दार उघडतो. लोक येतील. तोवर जोडा, नाही जोडलीत तरी माझी काही तक्रार नाही. चाळीस वर्षांत या वेदीवर एक टाका वाकडा गेला नाही, एवढ्याने काही बिघडत नाही. हिला जरा पाणी द्या, चेहरा उतरलाय पोरीचा.

छबी : जागरण आहे फादर. येते मी मागून पाणी प्यायला.

ताई : गेले. देवमाणूस आहे, पण याच्यासमोर रडता येत नाही. लगेच पाणी देतो.

छबी : तुला रडायचंय?

ताई : मला प्रार्थना करायचीय छबे.

छबी : मग कर की. दिवसाचे दहा तास इथेच तर असतेस.

ताई : असते. गुडघेही टेकते, पण ते टाचण्या वेचायला. लोक डोळे मिटतात तेव्हा मी पडद्याची चूण बघते. उपवासकाळ लागला त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेतली ना, लोक कायकाय सोडत होते. कोणी साखर, कोणी चहा. मी म्हटलं, सोडायचं ते सोडू, पण या चाळीस दिवसांत एकदा, एकदाच, खरी प्रार्थना करीन. आईसारखी. ती ओठ हलवायची नाही, पण खोलीत कोणीतरी आल्यासारखं वाटायचं. आठवतं?

छबी : आठवतं. मग?

ताई : मग काय. तोंड उघडते आणि दुमड आठवते. महिना होऊन गेला. सगळ्यांच्या अंगाला बसेल असं शिवते मी, आणि देवाशी बोलायला एक शब्द अंगासरसा बसेना.

छबी : आईची ती ओवी म्हण. ‘रिते हात’ची.

ताई : तीच तर घशात अडकते.

छबी : मला ती पूर्ण येत नाही ताई.

ताई : काहीतरीच. लहानपणी मांडीवर बसून म्हणायचीस.

छबी : अर्धी यायची. पुढे मला झोप लागायची. त्या दिवशी आई म्हणाली, म्हण गं. मी म्हटलं, रिते हात आणले मी, देवा, तुझ्या पायापाशी. आणि थांबले. पुढचं येईना. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा. ती पुढच्या ओळीची वाट बघत होती, ताई.

ताई : आणि मी दुमड घालत बसले होते.

छबी : दुसरा निरोप त्यासाठी होता. तू यावंस म्हणून नव्हता. पुढचं काय ते विचारायला होता. निरोप घेऊन आलेल्या पोराला नीट सांगता आलं नाही.

ताई : वर्षभर का नाही बोललीस?

छबी : तू दुमडीचं ओझं वाहत होतीस. त्यावर आणखी कुठे ठेवू? दवाखान्यात रोज कुणाचा तरी हात धरते नि म्हणते, घाबरू नका. आईला एक ओळ देता आली नाही.

ताई : धर शिडी. उतरते मी.

छबी : सावकाश. पट्टी घे, टाचण्या घे. साडेआठ झालेत.

(ताई पट्टी घेऊन क्रुसाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसते.)

ताई : छबे, इकडे ये. हा अंगठा बघ.

छबी : झिजलाय.

ताई : आणि हा दुसरा पाय नाही तेवढा. इतकी वर्षं मी वरूनच खांदे बघत आले. मापाची पट्टी टाचेला लावायची आणि आकडा लिहायचा.

छबी : इथे आई हात टेकवायची. तिला खांबाला धरून यावं लागायचं ना, या बाजूनेच हात पोचायचा.

ताई : एकटीचा हात नाही हा. किती जणांचा असेल. बघ, लाकूड कसं गालासारखं मऊ झालंय. आणि मी आज हे झाकायला निघाले होते.

छबी : जोडायची ना पट्टी?

ताई : तुझा हात दे. असा, अंगठ्यावर. म्हण.

छबी : रिते हात आणले मी, देवा, तुझ्या पायापाशी...

ताई : फूल नाही, वात नाही...

छबी : थांबू नकोस ताई.

ताई : नाही थांबत. घे मला मी आहे तशी.

छबी : एवढीच?

ताई : एवढीच गं. एवढीच राहिली होती.

छबी : पुन्हा म्हण. आईला ऐकू जाईल अशी.

ताई : रिते हात आणले मी, देवा, तुझ्या पायापाशी, फूल नाही, वात नाही...

छबी : ताई, टाचणी पडली. तुझ्या गुडघ्यापाशीच.

ताई : असू दे पडलेली.