खालच्या अंगाचा शेजारी

ऐका आता. होडी अजून चिखलात बसली आहे, भरती चढल्याशिवाय ती काही हलायची नाही. मावशी, ती माशांची पाटी जरा झाका. ज्याची गोष्ट सांगतोय, त्याला वास लगेच लागतो. आणि फाईलवाले साहेब, तुम्ही असे पुढे सरका.

पलीकडचा बांध दिसतो ना? त्याच्या टोकाला खाऱ्या पाण्यात उभी असलेली ती तिवरांची झाडी. तिथली बारा गुंठे जमीन गुलाबराव खरात घेत होते. माणूस माण तालुक्यातला. कोरडा मुलूख. बायको शेवंताबाई. लग्नाला तीस वर्षं, आणि तीस वर्षं डोक्यावर हंडा. गुलाबरावांनी तिला शब्द दिलेला, म्हातारपणी पाण्याकाठी घर बांधून देतो. जन्मभर एसटी चालवून साठवलेलं सगळं ह्या जमिनीत जायचं होतं.

विकणारा दादा मयेकर. त्यानं जमीन दाखवली कधी? अष्टमीला, भर दुपारी, ओहोटीला. ठणठणीत कोरडी.

"आणि ही झाडी?"

"ती काय, जेसीबी लावला की तासाभराचं काम."

झाडी राखीव आहे, तिला हात लावायचा नाही, तिथं घर उठायचं नाही, हे दादानं गिळलं. आणि घाटावरच्या माणसाला कुठून ठाऊक, की अष्टमीचं पाणी आळशी असतं आणि पुनवेचं घरात शिरतं?

खरेदीखताच्या आदल्या रात्री पुनव होती. दोघं माझ्याकडेच उतरली होती. गुलाबरावांना राहवेना. सही करण्याआधी एकदा आपल्या हातानं मोजावी म्हणून जेवण झाल्यावर टेप घेतली, चार खुंट्या घेतल्या, निघाले.

मी म्हटलं, "पाहुणे, रात्रीचं बांधावरून जाऊ नका."

"तांडेल, मी डुलक्या घेत खंबाटकी घाट उतरलेला माणूस आहे."

गेले. पहिली खुंटी ठोकली. टेपेचं टोक तिला अडकवलं. चालायला लागले. पन्नास फुटांवर टेप ढिली पडली. मागे बघतात, तर खुंटीपाशी कोणीतरी उकिडवं बसलंय. टोक हातात धरून.

"कोण?"

"शेजारी."

"कुठले?"

"खालच्या अंगाचा. तुम्ही चला पुढं, मी धरतो."

गुलाबराव खूश. माणसं भली आहेत म्हणाले. अहो, खालच्या अंगाला घर आहे का एक तरी? नुसती खाडी. तो गिऱ्हा होता, गिऱ्हा. पाण्यातलं भूत. गोड बोलत बोलत माणसाला खोलात नेणारं.

दुसरी खुंटी ठोकली. चपला भिजल्या.

"जमीन ओलसर वाटते."

"दव पडतं."

तिसरी ठोकली. पाणी गुडघ्याला.

"दव जरा जास्तच पडलं."

"पुनवेचं दव आहे, पाहुणे. हे चिंबोरीचं बीळ, ह्यावर तुमची न्हाणी येईल. इथं कोळंबीची पिल्लं निजतात, इथं तुमची चूल. सांभाळून, पोरं लहान आहेत."

चौथी खुंटी ठोकायला गेले, तर ती हातातून सुटून तरंगायला लागली. पाणी कमरेला. मागे एकही खुंटी दिसेना.

"मोजून झालं," शेजारी म्हणाला. "आता माझं घर बघून जा."

आणि टेप ओढली. टेप गुलाबरावांच्या मनगटाला गुंडाळलेली. ओढ म्हणजे कशी, बैल ओढतो तशी. पाणी छातीला. चांदण्यात समोरचा हात दिसला. हातभर कालवं चिकटलेली, खडकाला असतात तशी.

गुलाबरावांनी हात फेकला आणि हाताला आलं तिवराचं झाड. सही झाली की जेसीबीनं उपटायचं होतं, तेच. त्यालाच मिठी मारली. वेढा सुटला, टेप सर्रकन पाण्यात गेली. हे वर.

खालून आवाज, "उतरा की. चहा ठेवतो."

"मला चहानं पित्त होतं," गुलाबराव म्हणाले.

रात्रभर हेच. उजाडता पाणी उतरलं तेव्हा मी आणि शेवंताबाई गेलो. गुलाबराव शेंड्यावर, बगळ्यांच्या मधोमध, डोक्यावर त्यांचा प्रसाद. आणि खाली बघतो तर चारही खुंट्या एका रांगेत ठोकलेल्या. बरोब्बर जिथं पाणी थांबलं होतं, तिथं. बारा गुंठ्यांतली कोरडी बाजू किती? एक बाज मावेल एवढी. अशी चोख मोजणी मी जन्मात पाहिली नाही.

शेवंताबाईंनी खुंट्या बघितल्या. झाडावर बघितलं. "मला हंडाभर पाणी हवं होतं," म्हणाल्या. "खाडीभर कोणी सांगितलं होतं? उतरा."

खरेदी मोडली. उतारावर तो दिवा दिसतो ना, ते दोघांनी मग त्याच पैशांत बांधलेलं घर. अंगणात झरा आहे. दर पुनवेला बाई बांधाच्या अलीकडे दोन तळलेले बोंबील ठेवतात. सकाळी पान स्वच्छ. मांजर म्हणा हवं तर.

पण त्या बांधाच्या वाटेनं अंधारात पाऊल टाकायचं नाही. कोणीही नाही. दादा मयेकर अजून गिऱ्हाइकं आणतो तिथं.

काय म्हणता साहेब? तुम्हालाही अष्टमीला दाखवली?

मग आज परत जा. पुनवेला या, भरतीच्या वेळी. ह्याच धक्क्यावर बसून तुमची जमीन बघू, दिसली तर. चला, होडी तरंगली. आणि साहेब, ती टेप बॅगेत ठेवा. तिकडे एक आहे.