मी हललो नाही

...आणि वर म्हणतात, मन शांत ठेवा! ठेवलं ना! ठेवलं म्हणून तर गेलो बाराच्या भावात! तुम्हाला सांगतो, कपडे धुण्याच्या मशीनच्या कंपनीत बावीस वर्षं तक्रारींचे फोन घेतले मी, बारा टेबलं, बारा माणसं, आणि दिवसभर शिव्या, त्याही परक्यांच्या, घरच्या वेगळ्या... आणि एके दिवशी साहेब घेऊन आले शांतताबाईंना.

शांतताबाई हे आम्हीच ठेवलेलं नाव. आवाज असा, की जागा माणूस उभ्या उभ्या घोरायला लागावा! "रोज वीस मिनिटं... डोळे मिटायचे... हलायचं नाही. विचार आला? येऊ द्या. गेला? जाऊ द्या." मी विचारलं, "आणि फोन आला तर?" "येऊ द्या." "उचलायचा नाही?" "जाऊ द्या."

अहो, स्वर्ग! समोर फोन बोंबलतोय, पलीकडे कुणाच्या तरी घरात घोटाभर पाणी, आणि आम्ही डोळे मिटून बसलोय, पगारी! एक आजीबाई होती, रोज अकराच्या ठोक्याला फोन, "अरे बाळा, मशीन थडथडत दारापर्यंत आलंय रे, मी एकटी बाई..." आता अकरालाच आमची बैठक! वाजतोय फोन, वाजतोय... आली? येऊ द्या. गेली? जाऊ द्या! मला तर तिच्या फोनच्या तालावर समाधी लागायला लागली.

बाकीच्यांना जमेना. माझ्या शेजारी टाचणी बसायची, अंगानं तशी म्हणून टाचणी. फोन वाजला की तिचा हात उडायचा! "अहो, कुणी पाण्यात घसरून पडलं असेल हो..." कोपऱ्यातले काका, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, तेही खुर्चीतून अर्धे उठायचे. मग साहेबांनी मला एकट्याला आत घेतलं. "कोण कोण हलतं, मला गुपचूप यादी द्या."

माणसं कमी होणार ही कुणकुण होतीच. मग काय! एका डोळ्यानं आत्मा बघायचा, दुसऱ्यानं टाचणी! लिहिली, अकराच्या अकरा नावं लिहिली, टाचणीच्या नावाखाली तर दोन रेघा मारल्या. वाईट वाटलं का? वाटलं ना, माणूसच आहे मी. वाटलं? वाटू द्या. गेलं? जाऊ द्या!

शुक्रवारी दोन्ही डोळे मिटले, आता बघायचं काय राहिलं होतं? आणि काय सांगू, अशी बैठक लागली! मांडीवर काहीतरी अलगद उतरलं... हलकं, पिसासारखं... बाई म्हणाल्याच होत्या, पुढे गेलेल्यांना अनुभव येतात. म्हटलं, आला! येऊ द्या! आणि वीस मिनिटं तो अनुभव मांडीवर घेऊन बसलो, हललो नाही.

डोळे उघडले. लिफाफा! सोमवारपासून येऊ नका! इकडे बघतो, तिकडे बघतो, दुसऱ्या कुणाच्याच मांडीवर अनुभव नाही!

धावत आत गेलो. "साहेब, यादीत माझं नाव नव्हतं!"

"तेच तर," साहेब म्हणाले, आवाज अगदी बाईंसारखा मऊ. "फोन वाजला की अकरा माणसांना राहवत नाही. तक्रारी ऐकायला अशीच माणसं लागतात. एकाला मात्र काही फरकच पडत नाही. कुणाला काढावं सुचत नव्हतं हो, तुमच्या यादीनं लख्ख दिसलं बघा."

बाहेर आलो तर टाचणी रडतेय. कुणासाठी? माझ्यासाठी! "सगळ्यांत शांत माणसालाच काढलं हो..." म्हणजे तिच्यावर धड चिडायचीही सोय नाही!

घरी आलो, बायकोला सांगितलं. तासभर बोलत होती, मी, माझी आई, माझे मामा, कुणाला सोडलं नाही. मी जागचा हललो नाही. शेवटी दमली बिचारी. म्हणाली, "अहो, आता पुढे काय करायचं? एक तरी विचार आहे का डोक्यात?"

बघितलं... नीट, आत जाऊन बघितलं... एकही नाही हो. जमलं एकदाचं.