तोमोकीची खुंटी

नाही, नाही, ती नका उपटू! — ओरडले, माफ करा हं मोजणीदारसाहेब — पण ती खुंटी तेवढी राहू द्या. सहीच्या जागी मारायचा माझ्या नावाचा शिक्का आणलाय मी, हा काय, एप्रनच्या खिशात — हिगुचींना जमीन विकायचीय, शेजारीण म्हणून मी हद्दीवर उभं राहून ‘हो, इथंच’ म्हणायचं आणि शिक्का मारायचा, ठाऊक आहे मला. मारते की! फक्त हद्द त्या खुंटीवरून न्या. काय? वीतभर माझ्याच जमिनीत आलीय? अहो, येणारच! शिकाऊ हातानं ठोकलेली — माझ्या तोमोकीनं. परीक्षेचा सराव म्हणून अंगणभर मोजत सुटायचा, मी आपली मोजणीचा दांडा धरून उभी — ‘आई, हलू नकोस, हलू नकोस गं’ — आणि मीच हलले असणार, नाकावर माशी बसली होती मेली.

तुम्हीही दिली असेल ना मोजणीदाराच्या परवान्याची परीक्षा? कितव्या खेपेला झालात? — राहू द्या, नका सांगू. हा दरवर्षी नापास. आकडे बरोबर यायचे, पण नकाशा काढता काढता वेळ संपायचा. घरी आला की तोंडावरूनच कळायचं, मी काही न विचारता भात वाढायची. शेवटी लेखी पास झाला! तोंडी तेवढी राहिली — आणि तोंडीत कोण नापास होतं, तुम्हीच सांगा — सूट घालून टोकियोला जायचं, विचारतील ते सांगायचं. तरी घाबरायचा वेडा. मग मी परीक्षक व्हायची, त्याच्या बाबांचा चष्मा लावून — ‘बोला, ओगावासाहेब!’ — की हा हसून हसून लोळायचा.

सूट इस्त्री करून टांगलेला होता हो. मोजणीच्या कामावर, रस्त्याकडेला दांडा धरून उभा होता — बर्फावरून ट्रक घसरला — सगळे म्हणाले, बाजूला कसा नाही झाला — अहो, दांडा धरलेला माणूस हलतो का? हलायचं नसतं ना? तुम्हाला नाही शिकवत? ... जीव तुटतो माझा, साहेब. अजून तुटतो.

म्हणून म्हणते, हद्द इथंच धरा. वीतभर जमीन गेली तर जाऊ दे, हिगुचींना फुकट. मी राजी, ते राजी — दोघं शेजारी राजी असले की झालं, नाही का?

असे बघू नका हो. माहीत आहे मला. मीच विचारायची त्याला, चष्मा सावरून — ‘नोंदलेली हद्द दोन शेजाऱ्यांनी आपसात ठरवून हलवता येते का?’ — आणि तो ताठ बसून, ‘नाही, येत नाही.’ या प्रश्नाला कधी चुकला नाही. एकदाही नाही. आणि खोटी खूण हद्दीजवळ ठेवायची नसते, पुढच्याचा घोळ होतो — तेही त्यानंच सांगितलेलं. ‘परीक्षा झाली की उपटतो, आई,’ म्हणाला होता.

उपटा. — हळू, हळू! मातीसकट द्या इकडं, पुसू नका. आणि शिक्का कुठं मारायचा? इथं? — घ्या, मारला. चहा गार झाला तुमचा, राहू द्या तो. निघा आता. जा म्हणते ना!