मॅडम रस्त्यावर बसल्या होत्या

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या सावरगव्हाणचे सरपंच आदरणीय आबासाहेब. आपल्या विनंतीला मान देऊन, हाडं खिळखिळी करून घेत इथपर्यंत आलेले आरोग्य खात्याचे तालुक्याचे साहेब. आमच्या धम्मशीला सिस्टर. अँब्युलन्सचे चालक बन्सीधरमामा. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या आपल्या सत्कारमूर्ती डॉक्टर अर्पिता मॅडम. आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, वडीलधाऱ्यांनो, तुम्हा सगळ्यांना नमस्कार आणि जय भीम.

मी संघप्रिया. या गावची आशा कार्यकर्ती. गावातल्या गरोदर बायकांची नोंद घ्यायची, त्यांना दवाखान्यात न्यायचं, हे माझं काम. भाषण करणं माझं काम नव्हे. पण सिस्टर म्हणाल्या, "मॅडमबरोबर सगळ्यात जास्त चिखल तू तुडवलास, तूच बोल." म्हणून उभी आहे. आवाज मागं येतोय ना? बरं.

निरोपाच्या भाषणात चांगलं चांगलं बोलायचं असतं. मीही तसंच ठरवून आले आहे. पण मॅडमबद्दल बोलायचं आणि रस्त्याबद्दल बोलायचं नाही, हे कसं जमावं? त्या आल्या तो दिवस मला आठवतो. लातूरकडची पोर, नुकती डॉक्टर झालेली, पाठीवर एक बॅग. आपल्या आरोग्य केंद्रासमोर तेव्हा नुकता जेसीबी चालू झाला होता. राष्ट्रीय महामार्ग होणार म्हणून आपण पेढे वाटले होते, आठवतंय? चिंचा तोडल्या, लिंबं तोडली, कुणी हूं का चूं केलं नाही. दगडाबाईच्या घराची ओसरी पाडली, तर त्या म्हणाल्या, "जाऊ द्या माय, रस्ता होयलाय, लेकरायचं भलं होईल."

मग एका बाजूचा रस्ता खोदून झाला, ओढ्यावर पुलाचे खांब उभे राहिले, त्यांच्या डोक्यावर सळया निघाल्या, आणि एक दिवस मशिनी निघून गेल्या. का गेल्या? कुणी म्हणालं ठेकेदाराचं बिल अडलं, कुणी म्हणालं वर बजेटला कात्री लागली. आता कात्री लागायची तर आधी लागावी. जुना रस्ता उखडायच्या आधी लागावी. जुना डांबरी होता, खड्ड्यांचा होता, पण होता तर खरा! आपल्या हाती काय उरलं? ओढ्यातून काढलेला मुरमाचा वळणरस्ता, आणि फलक. "काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व." फलक अजून उभा आहे. काम नाही.

पहिल्या पावसाळ्यातच मॅडमनी पाथरीहून गमबूट आणले. एक जोड त्यांना, एक सिस्टरला, एक मला. वस्तीवरची लेकरं त्यांना बुटाच्या मॅडम म्हणायला लागली. मॅडम रागावल्या नाहीत. उलट आपलीच बोली शिकल्या. पेशंटला विचारायच्या, "आता कसं वाटायलंय, मावशी?" आणि मावशी दुखणं विसरून हसायची. इथं पहिल्यांदा ठेचा खाल्ला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं तरी "छान आहे" म्हणत राहिल्या. त्या दिवशी मी धम्मशीला सिस्टरला म्हणाले होते, ही बाई टिकणार.

आता पुढचं सांगायचं की नाही, यावर मी खूप विचार केला. परमेश्वरदादाला विचारलं. तो म्हणाला, "सांग. लोकायला माहीत हाय, पण तू सांग. साहेब ऐकायलेत तर बरंच हाय."

मागच्या श्रावणातली गोष्ट. परमेश्वरदादाची बायको शिवकन्या, म्हणजे आपल्या दगडाबाईची सून, पहिलटकरीण. तिच्या सगळ्या तपासण्या मी स्वतः करून घेतल्या होत्या. सगळं ठीक होतं. सकाळी कळा सुरू झाल्या, आरोग्य केंद्रात आणली, आणि जेवणाच्या वेळेच्या आत बाळंत झाली. मुलगी. मोठ्यानं रडली. दगडाबाई साखर वाटायला निघाल्या, आणि आत मॅडमचा आवाज बदलला.

रक्त थांबेना. बाळंतपणानंतर गर्भपिशवी आखडते, तशी ती आखडेना. इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, मॅडमनी जे जे करता येतं ते सगळं केलं. पण रक्त चढवायची सोय आपल्याकडे नाही, ती परभणीला. चांगला रस्ता असता तर परभणी लांब आहे का हो? सांगा ना, लांब आहे का?

बन्सीधरमामांनी गाडी लावली. मॅडम आत बसल्या, मी बसले. मॅडमनी एक मूठ आतून आणि एक हात पोटावर अशी पिशवी दाबून धरली होती. त्या म्हणाल्या, "ताई, हा हात सुटला नाही तर ही पोचेल." गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळायची, तसा त्यांचा खांदा लोखंडावर आपटायचा. हात सुटला नाही.

ओढ्याजवळ आलो. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, मुरूम वाहून गेला होता. मामांनी गाडी घातली, आणि पुढचं चाक रुतलं. मामा, तुमचा काही दोष नव्हता. तुम्ही अजून स्वतःला बोल लावता, म्हणून चारचौघांत सांगते.

मॅडमनी पलीकडून दुसरी गाडी बोलावली आणि स्ट्रेचर खाली घ्यायला लावलं. शेतातनं माणसं धावत आली. मांडीभर पाणी. मामा धरून चौघांनी स्ट्रेचर खांद्याबरोबर धरलं, आणि मॅडम त्याला चिकटून पाण्यातनं चालायला लागल्या, हात तसाच ठेवून. डोक्यावर ते पुलाचे खांब. शिवकन्या शुद्धीवर होती. तिनं विचारलं, "मॅडम, लेकरू दूध पेलं का?"

मॅडम म्हणाल्या, "पेलं. पोट भरून पेलं."

बाळ तर गावातच होतं, सिस्टरपाशी. दूध कुठलं पिणार? पण शिवकन्या हसली. मी पाहिलं, ती हसली.

पलीकडे पोचलो. गाडी नव्हती. ती निघाली होती, पण खोदलेल्या पट्ट्यात ट्रक फसला होता आणि त्याच्या मागं अडकली होती. आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. रस्ता कसला, खडीचा ढीग. मी शिवकन्येचं डोकं मांडीवर घेतलं. ती म्हणाली थंडी वाजते. मी पदर घातला. मग ती काही बोलली नाही. मॅडमनी हात काढला नाही. आम्हा सगळ्यांना कळलं होतं, त्यांना तर आमच्या आधी कळलं असणार. तरी हात काढेनात. शेवटी बन्सीधरमामा खाली बसले आणि म्हणाले, "मॅडम, काढा आता हात. पोरगी गेली आपली."

पाणी द्या जरा कुणीतरी.

परमेश्वरदादा चिखल तुडवत मागून आला. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग मॅडमकडे. म्हणाला, "रक्त न्हाई, रस्ता न्हाई, तर मग तुमी कामून हाव इथं? कशापायी बसलाव?" आणखीही बोलला. ते मी सांगत नाही. लोक त्याला आवरायला गेले, तर मॅडम म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना." गावातल्या काही पोरांनी संध्याकाळी दवाखान्याच्या खिडक्या फोडल्या. राग रस्त्याचा होता. पण रस्त्याचा मालक कुठं सापडतो हो? त्याला गाव नाही, घर नाही. मॅडम सापडतात. समोरच्या खोलीत राहतात.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी रास्ता रोको केला. त्या आधी किती निवेदनं दिली, किती उपोषणं झाली, ते आबासाहेबांना ठाऊक. त्या दिवशी मात्र बायासुद्धा आल्या. रस्त्याच्या कामावरचे एक तरुण अभियंता आले होते. बिचाऱ्याचा चेहरा उतरलेला. म्हणाले, "निधी वरून आला की दुसऱ्या दिवशी मशिनी लावतो." दगडाबाईंनी त्यांना विचारलं, "बाबा, वरून म्हंजी कुठून? सांग, मी जाते तिथं."  

आणि तेवढ्यात मॅडम आल्या. ओपीडी संपवून, गमबुटावरच. फुटलेल्या काचा स्वतः झाडून आल्या होत्या. माणसं बाजूला सरली. आदल्या दिवशीचं सगळ्यांना माहीत होतं ना. मॅडम सरळ दगडाबाईंजवळ गेल्या आणि त्यांच्या शेजारी डांबर उखडलेल्या रस्त्यावर खाली बसल्या. शिवकन्येच्या सासूनं मॅडमचा हात हातात घेतला, तोच हात. 

कुणीतरी मोबाइल पुढं धरून विचारलं, "मॅडम, पेशंट कशानं गेला?" मॅडम म्हणाल्या, "वेळेत पोचली असती तर वाचली असती. हे मी डॉक्टर म्हणून सांगते. तिला पोचायला रस्ता नव्हता." बस, एवढंच. ना कुणाचं नाव, ना शिवी, ना घोषणा.

तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. मग नोटीस आली, की सरकारी नोकरानं आंदोलनात बसू नये, माध्यमांशी बोलू नये. खुलासे झाले, चौकशी झाली, आणि आता ही बदली. प्रशासकीय कारणास्तव, असं म्हणतात त्याला. साहेब, तुम्ही मंचावर आहात, पाहुणे आहात, मी तुमच्यावर आरोप करत नाही. तुमच्या हातात नव्हतं, हे आम्हाला माहीत आहे. उलट तुम्ही आलात हेच मोठं. पण आम्हाला एक कळत नाही. ज्या रस्त्याचं काम पैशाअभावी थांबतं, त्या रस्त्यावर बसलेल्या बाईची फाइल मात्र कशी थांबत नाही?

टाळ्या नका वाजवू. टाळ्यांसाठी नाही बोलले.

बदली रोखा म्हणून आपण परभणीला गेलो होतो. गाडीभर माणसं. तिथं सगळ्यांच्या आधी परमेश्वरदादा पुढं झाला. लेकरू काखेत. म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मॅडमला मीच लय वाईट बोललो व्हतो. तवा मला काय समजत न्हवतं. पण माझ्या बायकोला यांनी शेवटपत्तर सोडलं न्हाई. यांना नेऊ नका." तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि आदेश झालेला आहे असं सांगितलं. मॅडमच्या जागी कोण येणार, हे विचारलं. पद रिक्त राहील, म्हणाले. तूर्त.

परवा आम्ही दोघी औषधांचं कपाट लावत होतो. मी विचारलं, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही बसल्या नसत्या तर? आज इथंच असत्या." मॅडम कपाट लावतच म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी मी खोलीत बसून राहिले असते, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडानं पेशंट तपासले असते?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण मला इथून जायचं नव्हतं." आणि तिथंच स्टुलावर बसून रडल्या. या गावात इतकी वर्षं काढली, ओढ्यावर सुद्धा रडल्या नव्हत्या. त्या दिवशी रडल्या.

मॅडम, लोक म्हणतात गाव तुम्हाला विसरणार नाही. असलं मी काही म्हणत नाही. गाव विसरतं. पण मला आता प्रत्येक गरोदर बाईच्या घरी जायचंय. ती मला विचारेल, "ताई, काही झालं तर?" आधी मी म्हणायची, "मॅडम आहेत ना." आता काय म्हणू? तुम्ही जिथं जाल तिथं तुम्हाला चांगला रस्ता मिळो, एवढीच माझी सदिच्छा आहे. यापेक्षा मोठं मागणं मला सुचत नाही.

आबासाहेबांनी बोलायची संधी दिली, साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, शाळेच्या गुरुजींनी हॉल आणि माईक दिला, बचतगटाच्या बायकांनी पोहे-चहा केला, सगळ्यांचे मनापासून आभार. मी शिकलेली कमी, त्यात आज मन ठिकाणावर नाही. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आपल्याच घरची पोरगी समजून पोटात घाला.

आणि जाता जाता एक सूचना. हार-तुरे, फोटो लवकर आटपा. मॅडमच्या सामानाचा टेम्पो आपल्या गावापर्यंत येऊ शकला नाही. तो ओढ्यापलीकडे उभा आहे. ड्रायव्हर म्हणतो, अंधार झाला तर थांबत नाही. कालच्या पावसानं ओढ्याला परत पाणी आहे. परमेश्वरदादानं ट्रॅक्टर बाहेर लावलाय. ट्रॉली धुतली, वर सतरंजी अंथरली. त्यानं मला सांगितलं, "मॅडमला मीच नेतो पलीकडं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाई."

चला, परमेश्वरदादा. उजेड हाय तवर निघू.