बेसबॉलचं वय

बर्मिंगहॅमच्या दवाखान्यात, काळ्यांसाठीच्या वेगळ्या खोलीत अर्लीन सुजलेला गुडघा धरून बसली होती. शेजारच्या नवराबायकोचं बोलणं तिच्या कानांवर पडत होतं. नवऱ्याचा उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत होता, म्हणून फॉर्म बायको भरत होती.

"वय चौतीस."

"एकोणचाळीस लिही, लुएला."

"आं?"

"डॉक्टरला खरं सांगावं लागतं. चौतीस हे माझं बेसबॉलचं वय."

"म्हणजे काय?"

"गोऱ्यांचे संघ आपल्याला घ्यायला लागले तेव्हा मला तीस पूर्ण झाली होती. चेंडू फेकायला तिशीचा पिचर कोण घेणार? पाच वर्षं कापली."

"आणि मी? आठ वर्षं मला चारचौघांत 'ए म्हातारे' म्हणतोयस, तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी म्हणून!"

"दोन ठिकाणी दोन वयं सांगितली की जीभ घसरते गं."

"मी बायको आहे की संघाची मॅनेजर?"

"हळू बोल."

"गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये अकरा दिवस होतास. सहा जणांना बाद केलं म्हणतोस, तेही असंच का?"

"बाकावर बसवून ठेवलं होतं. चेंडू हातात दिलाच नाही कुणी."

लुएलाने फॉर्म त्याच्या मांडीवर ठेवला आणि पेन त्याच्या डाव्या हातात कोंबलं.

"या हाताने मला लिहिता येत नाही."

"मग मी काय लिहू? मला तुझं नाव तेवढं माहीत आहे."