माझंच बोट लागलं की

—नाही, तू बसच सूनबाई, मास्तर थांबतील, कापड काही पळून जात नाही. पळतं ते तुझं हे मोबाईलवरचं पान. तूच बनवलंस ना आपल्या शिलाईच्या दुकानासाठी? कपड्याच्या चौकोनावर बोट टेकवलं की माप उघडतं, डावीकडे सरकवलं की कपडा दुरुस्तीला मास्तरांकडे परत. बरं. मग काल तो काळा कोट परत कोणी पाठवला? मी नाही. मी नुसतं बोट टेकवलं — माप बघायला — आणि चौकोन सुर्रकन डावीकडे. मास्तरांनी मी लावलेली बटणं उसवली, वर हसून म्हणतात, वहिनी, स्वतःच्याच कामाला नावं ठेवायला लागलात. तुझ्या नवऱ्याचं बोट लागतं, उघडतं. मास्तरांचा तो जाडा अंगठा लागतो, तरी उघडतं. माझंच लागलं की पळतं. बोट ओळखतं का ते? नुसती मान हलवू नकोस — तू कमी बोलतेस, आणि कमी बोलणारी माणसं सगळं बघत असतात, मीही या घरात तशीच आले होते. मला तर हे ठरवून चाललेलं दिसतंय. माझे आणखी दोन कपडे असे परत गेले की तुझा नवरा म्हणायला मोकळा — आई, हातशिलाई पुरे, आता काउंटरवर बस, गिऱ्हाइकांशी गोड बोल. मी, आणि गोड.

आता हे काय करतेस? बोट किती हललं म्हणजे सरकवलं धरायचं, ते अंतर वाढवतेस? म्हणजे माझं बोट हलतं असं म्हणायचंय तुला? हलत नाही. सकाळी गारठलेलं असतं, म्हणून जरा — दुपारीही जरा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते तो गरम लागतो म्हणून. आणि सगळे उठायच्या आत सुया ओवून ठेवते, कारण तेव्हा कोणी मध्ये बडबडत नाही. दुसरं काही नाही. बरी आठवण झाली — माझ्या सुयांच्या उशीला कोण हात लावतं? ओवलेल्या सुया जेवणाआधी संपायला हव्यात, त्या संपतच नाहीत. परवा पांढरा दोरा मला ओवायला जमलाच नाही — म्हणजे, ओवायचा राहिला, आणि दुपारी बघते तर ओवलेला. मास्तरांना एवढं बारीक दिसत नाही. तुझा नवरा सुईच्या वाटेलाही जात नाही. मग या घरात उरलं कोण—

दे तो मोबाईल इकडे.

टेकवलं. उघडलं.

नवऱ्याला बोललीस? नाही ना? बरं.

दोरा फार लांब ओवतेस, गाठी पडतात. जरा आखूड ठेव. आणि तो कोट माझ्याकडे पाठव, बटणं मीच लावणार. ऊठ आता, मास्तर केव्हाचे हाका मारतायत.